उतारावर लावलेला झेटर

दापोडीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली,
उजवा कान तिथंच राहिला.
म्हणून मी स्टार्टर ऐकत नाही,
त्याच्या पाठीवर तळहात ठेवतो.

स्वारगेटची गाडी दिवे घाट चढून मला टाकून गेली
तेव्हा साडेसात.
झेंड्यांच्या वस्तीवर वाटाण्याच्या गोण्या शिवून तयार
आणि झेटर उतारावर, नाक खाली करून,
पुढच्या चाकाला दगड.
लालभडक.
नुकत्याच रंगवलेल्या शाळेच्या फाटकासारखा.

"सहा महिने झाले," मथुराबाई म्हणाल्या,
"दगड काढायचा, दुसऱ्यात टाकायचा, क्लच सोडायचा.
सपाटीला बंद पडला की संपलं,
चार माणसं गोळा करा, ढकलून घ्या, चहा पाजा."
कुठं थांबायचं, कुठं जेवायचं,
सगळं उतार ठरवत होता.
बॅटरी नवी आणली हडपसरहून. तेच.
स्टार्टर सासवडला भरून आणला. तेच.
शेजारचा हणमंता म्हणाला, गाडीच म्हातारी झाली.
सगळेच म्हणतात. काही सापडलं नाही की वय सापडतं.

बॅटरीच्या टोकांवर हिरवट पीठ जमलेलं.
खायचा सोडा, कढत पाणी, जुना ब्रश.
टोकं लखलखली.
फरक शून्य.

"दिवे लाव," मी त्यांच्या पोरीला म्हणालो, "आता चाबी मार."
तळहाताखाली एकदाच टक्.
दिवे पार विझत आले
आणि बॅटरीवर लावलेला मीटर बारावर ढिम्म.
म्हणजे कणगीत धान्य आहे,
चुलीपर्यंत पोचत नाही.

मग एक पिन निगेटिव्ह खुंटीवर,
दुसरी इंजिनाच्या उघड्या बोल्टवर.
"मार."
शून्याशी निजून राहायचा तो काटा
उठला. तीन. सहा. नऊ.

अर्थिंगची पट्टी टूलबॉक्सखाली, हात जेमतेम जातो.
नट खोलला.
पट्टीखाली रंग. गुळगुळीत, चांगले दोन हात.

"रंग कुणी दिला?"
मथुराबाई गोण्या मोजायला लागल्या. मोजलेल्याच.
"दिरांनी. फुरसुंगीचं गिऱ्हाईक यायचं होतं.
रंग बघून आलं,
चाबी मारून गेलं.
भंगाराचा भाव सांगितला."

"अर्थ लागत नव्हता," मी पोरीला पट्टी दाखवली.
ती फिसकन हसली.
"आमच्या मराठीच्या मॅडम कवितेला असंच म्हणतात."
मी म्हणालो, त्यांनाही सांग,
आधी वरचा रंग खरवडा.

कानशीनं घासलं.
खाली राखाडी लोखंड निघालं, एकोणऐंशी सालचं,
अजून हवा न लागलेलं.
पट्टी बसवली, नट आवळला, वरून ग्रीस.
"मार."
हाताखाली गाडीनं अंग झाडलं,
एक काळा भपकारा, कोंबड्या पसार,
मग दोन सिलिंडरांचं ते जुनं, सावकाश बोलणं
कोपरापर्यंत चढत आलं.
चाकाचा दगड कुणी काढलाच नव्हता.

मथुराबाईंनी स्वतः दांडी ओढून बंद केला.
पुन्हा चालू केला. पुन्हा बंद.
तीनदा.
मग पैसे माझ्या हातात ठेवून, हात न सोडता म्हणाल्या,
"भाऊ, दिरांचा फोन येईल.
सगळंच सांगायला पाहिजे असं नाही."

आता बघा, एकतीस वर्षांत
लॉगशीटवर मी खोटं लिहिलेलं नाही.
ब्रेक नाही म्हणजे नाही,
मग समोर डेपो मॅनेजर उभा का असेना.

निघताना वळून पाहिलं.
त्या पायानं दगड
चाकाशी नीट सरकवत होत्या.

घाट उतरताना फोन आला, डाव्या कानाला लावला.
मांडीवर वाटाण्याची पिशवी,
खाली धुरकटलेलं अख्खं हडपसर.
"काय निघालं मग?"
मी म्हणालो, "अर्थ लागत नव्हता हो..."
आणि पुढचं सांगायच्या आत
दुसरं वळण आलं.
तिथं रेंज जाते.
चढतानाच पाहून ठेवलं होतं.